वेदना मानण्याचा इतिहास

वेदना मोजणारे यंत्र अजून निघालेले नाही. ताप थर्मामीटरवर दिसतो, रक्तदाब पट्टा बांधून कळतो, मोडलेले हाड क्ष-किरणांत उघडे पडते. दुखणे मात्र रुग्ण सांगेल तेवढेच कळते. म्हणून वेदनेच्या उपचाराला पहिल्यापासून एक अट चिकटलेली आहे : ऐकणाऱ्याने रुग्णाचे म्हणणे खरे मानले पाहिजे. वेदनाशामक औषधांचा इतिहास शोध आणि कारखाने यांच्या अंगाने पुष्कळ लिहिला गेला आहे. औषध हाताशी असूनही ते का दिले गेले नाही, हा त्याच इतिहासाचा दुसरा आणि जास्त क्लेशकारक भाग आहे. भारतातल्या कर्करोगाच्या रुग्णांच्या बाबतीत तो फार ठळक दिसतो, कारण मॉर्फिन ज्या अफूपासून बनते ती अफू कायदेशीरपणे पिकवून जगाला पुरवणारा मुख्य देश भारतच आहे.

दुःखी माणसाबद्दल वैद्याच्या मनात कळवळा असावा, ही अपेक्षा जुनीच. सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्मापूर्वी रुग्णाला खायला घालावे आणि वेदना न सोसणाऱ्याला तीक्ष्ण मद्य पाजावे असे सांगितले आहे. चरकसंहितेने वैद्याची वृत्ती चार प्रकारची मानली : सर्वांशी मैत्री, पीडितांविषयी करुणा, बरे होण्याजोग्या रोग्याच्या उपचारात गोडी आणि मृत्यूकडे निघालेल्याविषयी उपेक्षा. या चौथ्या वृत्तीचा अर्थ टाकून देणे असा कोणी करू नये. हाताबाहेरच्या रोगात वैद्याने गुंतून पडू नये, एवढाच तिचा रोख दिसतो. तरीही ‘आता आमच्या हातात काही नाही’ हे वाक्य रुग्णालयांच्या व्हरांड्यांतून ज्या सहजतेने उच्चारले जाते, त्याची मुळे किती खोल आहेत हे त्यातून कळते. बरे करता येत नाही आणि काहीच करता येत नाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वैद्यकाने रीतसर मान्य करायला विसावे शतक उलटत आले.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शस्त्रक्रिया म्हणजे बांधून किंवा दाबून धरलेल्या माणसावर केलेले काम होते. लंडनचा सर्जन रॉबर्ट लिस्टन पाय कापण्याच्या वेगासाठी नावाजलेला होता, आणि तो वेग हीच त्या काळी रुग्णावर करता येण्याजोगी मोठी दया होती. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये ईथरची भूल देऊन जाहीर शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात लिस्टनने लंडनमध्ये ईथर वापरले, आणि १८४७ साली एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सनने क्लोरोफॉर्म आणले. भुलीचा प्रसार झपाट्याने झाला. त्यात करुणेइतकाच सर्जनच्या सोयीचाही वाटा होता : निश्चल पडलेल्या माणसावर सावकाश, बारकाईने काम करता येते. जिथे वेदना थांबवण्याने डॉक्टरचे काम सोपे होत नव्हते, तिथे इतकी घाई कोणी केली नाही.

मॉर्फिनची गोष्ट अशीच. जर्मनीतल्या पाडरबॉर्न गावी औषधांच्या दुकानात उमेदवारी करणाऱ्या फ्रीडरिश झेर्ट्युर्नर या तरुणाने १८०५ च्या सुमारास अफूतून तिचे गुणकारी द्रव्य वेगळे काढले. स्वप्नांचा ग्रीक देव मॉर्फिअस याच्यावरून त्याला नाव मिळाले. १८२७ पासून मर्क या औषध कंपनीने ते बाजारात आणले आणि १८५३ साली एडिंबरोच्या अलेक्झांडर वुडने पोकळ सुईच्या पिचकारीने ते थेट त्वचेखाली देऊन पाहिले. म्हणजे तीव्र वेदनेवरचे सर्वांत भरवशाचे औषध, ते देण्याच्या साधनासकट, पावणेदोनशे वर्षांपूर्वी तयार होते.

मॉर्फिनचा कच्चा माल मराठी मुलखाच्या राजकारणाशी आणि मुंबईच्या पैशाशी जोडलेला होता. शिंदे आणि होळकर यांच्या अमलाखालच्या माळव्यात पिकणारी अफू मुंबई बंदरातून चीनला जाई. नीमच आणि मंदसौर, जिथे आजही सरकारी परवान्याने खसखशीची शेती होते, ते ग्वाल्हेर संस्थानातले भाग. या व्यापारात ज्यांनी अमाप संपत्ती मिळवली त्यांत जमशेटजी जीजीभाई हे एक मोठे नाव. त्यांच्या देणगीतून उभे राहिलेले रुग्णालय १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेजच्या जोडीने सुरू झाले आणि मुंबईच्या पिढ्यान्‌पिढ्या तिथे बऱ्या झाल्या. अफूचे घरगुती रूपही लोकांना ठाऊक होते. गिरणीत कामाला जाणाऱ्या बाया तान्ह्या मुलाला अफूची बाळगोळी देऊन निजवत, आणि मुलांच्या आरोग्यावर होणाऱ्या तिच्या परिणामांची चर्चा विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या सरकारी अहवालांत सापडते. अफूविषयीची भीती निराधार नव्हती. पण व्यसनाची अफू आणि औषधाची अफू यांत भेद करण्याचे कष्ट पुढे कायद्याने घेतले नाहीत, आणि त्याची किंमत भलत्यांनीच मोजली.

औषध असून ते हात राखून का दिले जाई, याचे एक कारण डॉक्टरांच्या घडणीत होते. विल्यम ऑस्लर या थोर वैद्यकशिक्षकाने १८८९ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या निरोपाच्या भाषणात डॉक्टरचा सर्वांत मोठा गुण म्हणून अविचल समचित्तता सांगितली. ‘इक्वॅनिमिटस’ या नावाने ते भाषण प्रसिद्ध झाले आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या पिढ्या ते वाचत आल्या. १९६३ साली समाजशास्त्रज्ञ रेनी फॉक्स आणि मनोविकारतज्ज्ञ हॅरोल्ड लीफ यांनी शवविच्छेदनापासून पुढे विद्यार्थी ‘अलिप्त आस्था’ कशी शिकतो हे मांडले. अलिप्ततेची गरज खरी आहे. रोज जळालेली, कापलेली माणसे पाहणाऱ्याचे हात थरथरून चालत नाही. तैवानमधल्या संशोधकांनी २००७ साली अ‍ॅक्युपंक्चर करणाऱ्या डॉक्टरांच्या मेंदूचे चित्रण केले, तेव्हा शरीरात सुया टोचताना पाहून सामान्य माणसाच्या मेंदूतले वेदनेशी निगडित जे भाग जागे होतात ते या डॉक्टरांत शांत राहिले आणि भावनेवर लगाम ठेवणारे भाग कामाला लागले. सवयीने मिळणारे हे कवच कामाचे आहे. आस्था कधी गळून पडली हे मात्र कवच घालणाऱ्यालाही कळत नाही. फिलाडेल्फियाच्या जेफरसन मेडिकल कॉलेजात मोहम्मदरझा होजत आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांची सहानुभूती वर्षागणिक तपासली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार ती तिसऱ्या वर्षी लक्षणीय घसरते. विद्यार्थी पुस्तक सोडून रुग्णाच्या खाटेशी येतो, ते हेच वर्ष.

रुग्णाचा शब्द न मानण्याचे सर्वांत विदारक उदाहरण नवजात बालकांचे आहे, कारण त्यांना शब्दच नसतो. विसाव्या शतकातली बरीच दशके असे धरून चालले जाई की नुकत्याच जन्मलेल्या बाळाची मज्जासंस्था अपुरी असते, त्याला मोठ्यांसारखे दुखत नाही आणि भूल झेपत नाही. म्हणून अगदी छातीच्या शस्त्रक्रियाही बाळाची हालचाल थांबवणारे औषध आणि जेमतेम भूल एवढ्यावर उरकल्या जात. हालचाल थांबली की रडणे थांबे, आणि रडणे थांबले की शंका घ्यायला कोणी उरत नसे. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ऑक्सफर्डला गेलेले डॉ. कन्वलजीत आनंद यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर अभ्यास केला. हृदयाजवळची रक्तवाहिनी बांधण्याच्या शस्त्रक्रियेत काहींना नेहमीच्या हलक्या भुलीबरोबर फेंटानिल हे तीव्र वेदनाशामक दिले. ज्यांना ते मिळाले नाही त्यांच्या शरीरात ताणाचे द्रव्य कितीतरी वाढले आणि नंतरच्या गुंतागुंतीही जास्त झाल्या. १९८७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष आले, त्याच वर्षी आनंद आणि त्यांचे सहलेखक हिकी यांचा सविस्तर आढावाही प्रसिद्ध झाला, आणि अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने नवजात बालकांना भूल देण्याविषयी आपली भूमिका बदलली. कोणत्याही आईने रडण्यावरून जे ओळखले असते ते मान्य व्हायला रक्तातल्या द्रव्यांचे आकडे लागले.

मोठ्या माणसांच्या बाबतीत हा बदल प्रथम परिचारिकांच्या बाजूने आला, ही गोष्ट पुरेशी सांगितली जात नाही. अमेरिकेतल्या मार्गो मॅकॅफरी या परिचारिकेने १९६८ साली वेदनेची व्याख्याच रुग्णाच्या स्वाधीन केली : ज्याला दुखते तो जे सांगतो ती वेदना, आणि तो म्हणेल तेव्हा ती असते. लंडनमध्ये सिसिली साँडर्स यांनी हेच काम वॉर्डात करून दाखवले. त्या आधी परिचारिका होत्या. पाठीच्या दुखण्याने ते काम सुटल्यावर रुग्णालयातल्या समाजसेविका झाल्या, आणि वेदनेविषयी डॉक्टर मंडळी डॉक्टरांचेच ऐकतात हे ध्यानात आल्यावर १९५७ साली, वयाच्या चाळिशीला टेकताना, वैद्यकीय पदवी घेतली. पूर्व लंडनमधल्या कॅथलिक जोगिणींच्या सेंट जोसेफ हॉस्पिसमध्ये, म्हणजे मरणासन्न रुग्णांच्या शुश्रूषागृहात, त्यांनी हजारावर रुग्णांच्या नोंदी ठेवल्या.

तेव्हाची सर्वत्रची रीत अशी होती, की रुग्णाने कण्हावे, मागावे, विनवावे आणि मग सिस्टरने घड्याळ पाहून इंजेक्शन द्यावे. मॉर्फिनचा असर साधारण चार तास टिकतो, आणि मागितल्यावरच द्यायचे तर प्रत्येक वेळी वेदना पुरती चढल्यावरच औषध मिळते. रुग्ण घड्याळाकडे डोळे लावून बसतो, आणि हे व्यसनाचेच लक्षण अशी वॉर्डाची समजूत होते. साँडर्स यांनी क्रम उलटवला. दर चार तासांनी, वेदना परतण्याआधीच, तोंडावाटे ठरलेली मात्रा द्यायची. असे केले की रुग्ण गुंगत नाही, मात्रा बेसुमार वाढवावी लागत नाही आणि मागणेही थांबते, हे त्यांच्या नोंदींतून दिसले. एका रुग्ण बाईने आपले दुखणे सांगताना शरीर, घर, पैसा, एकटेपणा हे सगळे एकाच दमात सांगितले. त्यावरून त्यांनी ‘समग्र वेदना’ ही कल्पना मांडली : शारीरिक कळ, मनाचा घोर, संसाराची चिंता आणि आपल्याच वाट्याला हे का हा प्रश्न, यांची गाठ एकत्रच सोडवावी लागते. १९६७ साली त्यांनी दक्षिण लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उघडले. त्याची पहिली देणगी, ५०० पौंड, डेव्हिड तास्मा या पोलंडहून आलेल्या ज्यू निर्वासिताने १९४८ मध्ये मरताना मागे ठेवली होती. साँडर्स समाजसेविका असताना तो त्यांचा रुग्ण होता.

हॉस्पिसमधले शहाणपण जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली छोट्या पुस्तिकेत उतरवले. सौम्य वेदनेला पॅरासिटामॉलसारखे औषध, मध्यम वेदनेला कोडीन, तीव्र वेदनेला मॉर्फिन, अशा तीन पायऱ्या; शक्यतो तोंडावाटे, आणि घड्याळाच्या काट्यावर. गोळी स्वस्त, पद्धत सोपी. खेड्यातल्या दवाखान्यालाही जमावी अशी ही योजना होती.

नेमके त्याच सुमारास भारताने दार लावून घेतले. नोव्हेंबर १९८५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायदा, एनडीपीएस, लागू झाला. तस्करी रोखणे हा त्याचा हेतू होता आणि वैद्यकीय वापराला त्यात मुभाही होती. पण शिक्षा किमान दहा वर्षांची, आणि नियम बनवण्याचे काम राज्याराज्यांकडे. मॉर्फिन मागवायला, आणायला, ठेवायला वेगवेगळे परवाने लागत. ते उत्पादन शुल्क आणि औषध प्रशासन अशा निरनिराळ्या खात्यांकडून घ्यावे लागत आणि सगळे एकाच वेळी चालू मुदतीत असावे लागत. शेवटचा परवाना हाती येईपर्यंत पहिल्याची मुदत टळलेली असे. नोंदवहीतली चूकही तुरुंगात नेईल या धास्तीने रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर १९८५ च्या सुमारास वर्षाला सुमारे ६०० किलो होता. १९९७ साली तो १८ किलोंवर आला. नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांतून अफू परदेशी औषध कंपन्यांकडे जात राहिली, आणि तिच्या शेतांपासून काही तासांच्या अंतरावर माणसे हाडांत पसरलेल्या कर्करोगाने तळमळत राहिली. याहून जास्त नुकसान पुढच्या पिढीचे झाले. ज्यांनी शिकताना मॉर्फिन कधी हाताळलेच नाही असे हजारो डॉक्टर तयार झाले. त्यांना ते औषध म्हणून कमी आणि धोका म्हणून जास्त ठाऊक होते.

या काळोख्या वर्षांत दोन वाटा उघडल्या, आणि त्यांतली एक मुंबईतली. टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून कर्करोगावर उपचार करत होते. तिथले शल्यविशारद डॉ. लुईस डिसोझा यांनी १९८६ साली वांद्र्याला शांती अवेदना सदन सुरू केले. भारतातले हे पहिले हॉस्पिस. ज्यांचा उपचार संपला आहे अशा रुग्णांना तिथे विनामूल्य ठेवून घेतले जाते. पुढे गोवा आणि दिल्लीतही त्याच्या शाखा निघाल्या. पुण्यात वारज्याला सिप्लाच्या प्रतिष्ठानाने १९९७ साली पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेचे, केंद्र उभारले. तिथे रुग्णाबरोबर घरचे माणूसही राहते आणि घाव धुणे, कूस बदलणे, औषधाची वेळ सांभाळणे शिकून घरी जाते. हे फार मोलाचे आहे, कारण भारतात रुग्णाची खरी परिचारिका बहुतेक वेळा बायको, सून किंवा मुलगीच असते, आणि तिच्या पाठीला लागलेल्या कळेची नोंद कुठल्याही केस पेपरवर होत नाही.

दुसरी वाट केरळची. कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयातले भूलतज्ज्ञ डॉ. एम. आर. राजगोपाल यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितलेला एक अनुभव या चळवळीच्या मुळाशी आहे. जिभेच्या कर्करोगाचा एक प्राध्यापक त्यांच्याकडे आला. त्यांनी मज्जातंतूत इंजेक्शन देऊन वेदना पूर्ण थांबवली, आणि आता पुन्हा यायची गरज नाही असे सांगितले. आजार बरा होणारा नाही हे त्या माणसाला तोवर कोणी सांगितलेच नव्हते. ते त्या क्षणी उमजले, आणि त्याने घरी जाऊन जीव दिला. कळ थांबली होती, पण माणसाशी कोणी बोलले नव्हते. १९९३ साली राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि काही स्वयंसेवकांनी पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी स्थापली. मेडिकल कॉलेजातल्या बाह्यरुग्ण विभागापासून सुरू झालेले हे काम २००१ नंतर मलप्पुरम आणि शेजारच्या जिल्ह्यांत वस्तीपातळीवर पोचले. शिक्षक, विद्यार्थी, दुकानदार, रिक्षावाले आठवड्यातले काही तास देऊ लागले. ते रुग्णाच्या घरी जातात, तांदूळ संपला आहे का पाहतात, मुलांच्या शाळेची फी भरली का विचारतात; आणि परिचारिका औषध आणि मलमपट्टी सांभाळते. साँडर्स यांच्या समग्र वेदनेला मिळालेले हे सर्वांत भारतीय उत्तर म्हणता येईल. २००८ साली केरळ सरकारने पॅलिएटिव्ह केअरचे धोरण जाहीर केले. देशात असे धोरण करणारे ते पहिले राज्य.

कायदा सैल व्हायला जवळजवळ तीन दशके लागली. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या डेव्हिड जोरान्सन यांच्या मदतीने सोपी आदर्श नियमावली तयार झाली आणि १९९८ साली केंद्राने ती राज्यांकडे पाठवली. काही राज्यांनी ती घेतली, अनेकांनी फाइलीत ठेवली. अखेर फेब्रुवारी २०१४ मध्ये संसदेने कायदाच दुरुस्त केला. अत्यावश्यक अमली औषधे असा वेगळा वर्ग झाला, पुढे त्यात मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन यांसह सहा औषधे आली, आणि अनेक परवान्यांच्या जागी मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेची एकच मान्यता पुरेशी ठरली. शिक्षणही बदलू लागले. टाटा मेमोरियलमध्ये २०१२ साली पॅलिएटिव्ह मेडिसिनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. २०१९ पासूनच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचे स्वतंत्र प्रशिक्षण आले. वाईट बातमी कशी सांगावी, हे आता निदान वेळापत्रकात आहे.

घराघरांतली समजूत यापेक्षा सावकाश बदलते आहे. मॉर्फिन सुरू झाले म्हणजे शेवट आला, असे नातेवाईकांना वाटते. काही रुग्ण सोसण्यातच पुण्य मानतात. काही जण डॉक्टर रागावतील म्हणून दुखते हे सांगतच नाहीत. ‘सोसायला हवे’ हे आपल्याकडे बायकांना लहानपणापासून ऐकवले जाते, आणि प्रसूतिगृहापासून कर्करोगाच्या वॉर्डापर्यंत त्यांच्या कण्हण्याकडे होणारे दुर्लक्ष त्याच शिकवणीतून येते. त्यामुळे परवाना मिळालेल्या रुग्णालयातही कपाटातल्या गोळ्या पडून राहू शकतात.

‘लॅन्सेट’ने नेमलेल्या आयोगाच्या २०१७ च्या अहवालानुसार दरवर्षी सहा कोटींहून अधिक माणसे गंभीर आजारातून येणारे टाळता येण्याजोगे दुःख भोगतात. जगात तेव्हा वर्षाला वाटल्या जाणाऱ्या सुमारे २९८ टन मॉर्फिनसदृश औषधांपैकी सर्वांत गरीब देशांच्या वाट्याला ०.१ टन येत होते. या गरीब देशांतल्या युगांडाने २००४ साली विशेष प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकांना मॉर्फिन लिहून देण्याचा अधिकार दिला, आणि मॉर्फिनचे पातळ औषध सरकारी खर्चाने खेड्यांत पोचवले. भारतात हा अधिकार अजून डॉक्टरकडेच आहे. खाटेशी रात्रभर असणारी, कण्हणे पहिल्यांदा ऐकणारी सिस्टर आजही डॉक्टरच्या सहीची वाट पाहते.